ड्रॅगनची प्रकृती

ड्रॅगनला खायला काय घालता, हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो तळमजल्यावरच्या गुरांच्या डॉक्टरांनी, आणि माझी कादंबरी माझ्या हातातून निसटायला सुरुवात झाली ती तिथूनच.

रविवारची सकाळ होती. पहिल्या प्रकरणाचं वाचन करायला मी चार माणसांना घरी बोलावलं होतं. अर्धवट लिहिलेलं कोणाला वाचून दाखवू नये, असं मोठे लेखक सांगतात. पण हे लेखक बहुधा स्वतंत्र बंगल्यात राहत असावेत. ज्याच्या बायकोने जिन्यात भेटेल त्याला "सध्या हे कादंबरी लिहितायत, म्हणून भाजी मीच आणते" असं सांगून ठेवलंय, त्याला लपवाछपवी परवडत नाही. लोक जिन्यात माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले होते, की एकदाची कादंबरी दाखव नाहीतर भाजी तरी आण.

कादंबरीचा विषय नदीकाठची लढाई. ती शाळेत सगळ्यांनाच असते, आणि तिच्यात आपला राजा हरतो. मला हे लहानपणापासून खटकत आलंय. एवढा चांगला राजा, पुस्तकातल्या चित्रात काय रुबाबदार दिसतो, आणि दोन पानं उलटली की हरलेला. माझ्या कादंबरीत तो जिंकणार होता. कसा जिंकणार, एवढंच ठरत नव्हतं. ते ठरवलं माझ्या मेहुण्याने. त्याचा छापखाना आहे. आजवर त्याने पावतीपुस्तकं आणि दिनदर्शिका छापल्या, पण साहित्याची सेवा करायची त्याची तयारी होती.

"दाजी, नुसता राजा आता कोणी घेत नाही," तो म्हणाला. "ड्रॅगन घाला."

मी ड्रॅगन घातला. 'अग्निपंखी महासर्प' असा शब्दही मी योजला होता, पण तो मुखपृष्ठावर मावणार नाही असं मेहुण्याचं म्हणणं पडलं.

तर वाचन. शत्रूने किल्ल्याला वेढा घातलाय, नायिका सज्जात उभी आहे, आणि एवढ्यात किल्ल्याच्या आतून ड्रॅगन पंख पसरून वर उठतो आणि शत्रूच्या छावणीवर आग ओकतो, इथवर मी चढ्या आवाजात आणलं आणि थांबलो. अशा ठिकाणी थोडं थांबावं, म्हणजे ऐकणाऱ्यांना भारावून जायला वेळ मिळतो.

डॉक्टरांनी घसा खाकरला. "खायला काय घालता त्याला?"

इथे डॉक्टरांबद्दल सांगायला हवं. त्यांचं सगळं आयुष्य सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेलं. निवृत्तीनंतर बायको गेली, मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात, आणि डॉक्टर तळमजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून फाटकाकडे बघत बसू लागले. काही विचारलं तर "ठीक" म्हणायचे. वाचनालाही बायकोने त्यांना जवळजवळ धरूनच आणलं होतं. त्यांनी आपण होऊन तोंड उघडलं, याचंच आम्हाला एवढं नवल वाटलं, की बायकोने मला डोळ्यांनी खुणावलं, नीट उत्तर द्या.

"मांस," मी म्हणालो.

"किती?"

"पुष्कळ."

"पुष्कळ हे माप झालं नाही. आकार केवढा म्हणालात?"

"दोन हत्तींएवढा."

"आणि उडतो." डॉक्टरांनी छताकडे पाहिलं. "उडणाऱ्या जनावराला बसल्या जनावरापेक्षा जास्त लागतं. रोज शेळ्यांचा कळपच लागेल. कळप वेढ्यात कुठून आला? आणि शेळ्यांना चारा? वेढ्यात आधी चारा संपतो."

मी हसलो. बाकी कोणी हसलं नाही. उलट वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर, जो माझ्या आशेचं स्थान होता, कारण तो तरुण होता आणि तरुण लोक ड्रॅगन वाचतात असं मेहुण्याने सांगितलं होतं, तो पुढे सरकून बसला.

"काका, माझा प्रश्न किल्ल्याचा आहे. ज्या जगात आकाशातून आग पडते, तिथे लोक तटबंदी कशाला बांधतील? भिंत चालून येणाऱ्याला अडवते. उडणाऱ्याला ती काय अडवणार? मी तिथे असतो तर सगळं जमिनीखाली नेलं असतं."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. महिन्याभराचं बोलणं एका सकाळीत.

मी बायकोकडे पाहिलं. ती शाळेत इतिहास शिकवते. ती वह्या तपासत होती आणि मान वर न करताच बोलली, ही तिची वर्गातली सवय.

"मला वेगळंच वाटतं. ड्रॅगन आधीपासून होते ना या जगात?"

"होते."

"म्हणजे हजारो वर्षं होते. मग बाकीचा इतिहास जसाच्या तसा कसा? तीच नदी, तेच राज्य, तोच राजा. ड्रॅगन असते तर या राजाचे खापरपणजोबा तरुणपणीच भाजले असते, आणि हा जन्मालाच आला नसता."

याला घरचा आहेर म्हणतात. मेहुणा चहाचा कप ठेवून म्हणाला, "ताईचं म्हणणं काढून टाकण्यासारखं नाही, दाजी." ज्याने मला ड्रॅगन घालायला लावला तो हाच.

समंजस माणसाने तिथेच लेखणी ठेवली असती. पण टीकेतून शिकावं, असंही मोठे लेखक सांगतात. मी शिकायला बसलो. आधी शेळ्या आणल्या. शेळ्यांबरोबर मेंढपाळ आले. मेंढपाळांना राजाने गायरानं दिली, त्यावरून गावात तंटे झाले, तंटे सोडवायला पंच नेमले. दुसरं प्रकरण संपलं तेव्हा ड्रॅगनने जमीन सोडली नव्हती आणि पंचांपैकी एकाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मग इंजिनिअरसाठी शहर जमिनीखाली नेलं. तो रोज संध्याकाळी कामावरून येताना माझं दार वाजवायचा आणि खांब किती अंतरावर घेतलेत ते विचारायचा. शहर खाली गेल्यावर नायिकेचा सज्जा गेला. खिडकीही गेली. नायक-नायिकेची पहिली भेट तिसऱ्या तळघरात धान्याच्या पोत्यांमध्ये करावी लागली, आणि तिथे दिवा लावू नये, धुराला वाट नाही, असं इंजिनिअरचं मत होतं. अंधारात त्यांचं एकमेकांवर प्रेम बसलं. कसं, ते मलाही दिसत नव्हतं.

डॉक्टर मात्र वर येऊ लागले. सुरुवातीला एक दिवसाआड, मग रोज, सकाळचा चहा आमच्याकडेच. ते त्याला ड्रॅगन कधीच म्हणाले नाहीत, 'जनावर' म्हणायचे. जनावराच्या पायाला नाल नको, नखं घासून द्या. जनावर आग ओकतं तर तोंड आतून पोळत असणार, पाणी जवळ ठेवा. एकदा ते जिन्यातूनच सांगत आले, की पंखांच्या बगलेत गोचीड होतात, तिथे हात घालून बघत चला. मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

एवढ्यात कचेरीने कादंबरीत प्रवेश केला. मी जलनिस्सारण विभागात वरिष्ठ लिपिक आहे. साध्या भाषेत, शहराच्या गटारांचं कागदकाम बघतो. आमच्यात कोणालाही पुस्तक छापायचं तर वरिष्ठांची परवानगी लागते. मी अर्ज केला, सोबत हस्तलिखित जोडलं. आस्थापना शाखेच्या अधीक्षक बाई कर्तव्यदक्ष म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांचा पहिला शेरा आला: 'ग्रंथात शासकीय इमारत जाळल्याचा प्रसंग आहे काय?' मी कळवलं, छावणी जळते, ती शत्रूची. दुसरा शेरा: 'शत्रूची छावणी ज्या जागेवर आहे ती जागा कोणाची?' हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. जागा आपल्याच राजाची होती. म्हणजे ती तत्कालीन शासनाची ठरली आणि फाइल अग्निशमन विभागाकडे गेली. तिथून पशुसंवर्धनकडे. पशुसंवर्धनने लिहिलं, 'सदर प्राणी या कार्यालयाच्या यादीत समाविष्ट नाही, सबब अभिप्राय देता येत नाही, तथापि हरकतही घेता येत नाही.' हा मला आजवर मिळालेला सर्वांत अनुकूल अभिप्राय आहे.

शेवटी साहेबांनी बोलावलं. साहेबांसमोर हस्तलिखित होतं आणि मधेमधे कागदाच्या खुणा घातलेल्या होत्या. कोणीतरी आपलं लिखाण एवढं मन लावून वाचलंय हे पाहून मला भरून आलं.

"बसा," साहेब म्हणाले. "शहर तुम्ही जमिनीखाली नेलंत."

"हो साहेब. हवाई हल्ल्यांमुळे."

"ठीक. लोकवस्ती मोठी दाखवलीत. शिवाय शेळ्या." त्यांनी एक खूण उघडली. "सांडपाणी कुठे जातं?"

मी त्या खुणेच्या पानाकडे पाहिलं.

"नदी वर आहे. शहर खाली. नदीत सोडायचं तर पाणी चढवावं लागेल. त्या काळात कशाने चढवलं?"

"त्याचा विचार केला नव्हता, साहेब."

"एका पावसात तुमची सगळी प्रजा बुडेल. शत्रूने यायचीसुद्धा गरज नाही." साहेबांनी चष्मा काढला. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "दुसऱ्या कोणत्या खात्यातल्या माणसाने हे लिहिलं असतं, तर मी सही करून मोकळा झालो असतो. पण पुस्तकावर छापून येणार, लेखक जलनिस्सारण विभागात आहेत. लोक खात्याला काय म्हणतील?"

मी टेबलापाशी परत आलो तर बातमी माझ्याआधी पोहोचली होती. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने, नायिका धान्याच्या पोत्यांमध्ये पाय भिजू नयेत म्हणून काय करते, एवढंच विचारलं. आयुष्यभर मी इतरांच्या गटारांचे उतार तपासले आणि स्वतः एक अख्खं शहर उताराशिवाय वसवलं. माणसाला ज्याची पूर्ण माहिती असते त्या एका गोष्टीतच त्याने तोंडघशी पडावं, याला तोड नाही.

घरी आलो तर दारातच डॉक्टर उभे.

"मी विचार करत होतो," ते म्हणाले. "सापाच्या जातीचं आहे तर कात टाकत असणार. कात टाकायच्या दिवसांत जनावर चिडकं होतं. तेव्हा त्याला लढाईला नेऊ नका."

दिवसभराचं सगळं माझ्या तोंडाशी आलं. "डॉक्टर, ते जनावर खोटं आहे," मी म्हणालो. "ते खात नाही, कात टाकत नाही, काही नाही. ते नाहीच. मी त्याला काढून टाकतोय."

डॉक्टर जिन्याकडे वळले.

"खोटं असेल," ते म्हणाले. "पण पाळलंत ना तुम्ही."

आणि कठड्याला धरून जिना उतरून गेले.

मी बोललो तसं केलं. ड्रॅगन काढला. एक गोष्ट कबूल करायला हवी, की काम चटकन झालं. ड्रॅगन गेला तशा शेळ्या गेल्या, पंच गेले, शहर जमिनीवर आलं, नायिकेला सज्जा परत मिळाला. राजा हरला. साहेबांना कळवलं, त्यांनी 'आता आक्षेपार्ह काही नाही' असं लिहून फाइल पुढे पाठवली.

"वाचण्यासारखंही काही नाही," मेहुणा म्हणाला. "दाजी, हे तर ताई नववीला शिकवते."

इंजिनिअर दार वाजवेनासा झाला. डॉक्टर चहाला येईनासे झाले. पहिले काही दिवस मला सुटल्यासारखं वाटलं. मग सकाळी चहा गाळताना बायको एक कप जास्तीचा काढायची आणि परत ठेवायची, ते मी न बघितल्यासारखं करू लागलो.

एका दुपारी ती मटार सोलत बसली होती. म्हणाली, "डॉक्टरांच्या मुलीचा फोन आला होता."

"काय म्हणतेय?"

"विचारत होती, बाबांचं आणि तुमचं काही बिनसलं का. मधे दोन महिने बाबा फोनवर भरभरून बोलत होते म्हणे. कुठल्याशा जनावराचं. तिला वाटलं, दवाखान्यात परत जायला लागले. आता पुन्हा 'ठीक आहे, ठेवतो' एवढंच." तिने एक शेंग सोलली. "मी म्हटलं, बिनसलं काही नाही, ते जनावर गेलं."

"असं सांगितलंस?"

"मग काय सांगू? आमच्या ह्यांनी काढून टाकलं म्हणू?"

आणि ती पुन्हा शेंगांकडे वळली. नववीच्या वर्गाला ती अशीच बसवून ठेवत असणार. मी उठलो आणि खाली गेलो.

डॉक्टर गॅलरीत होते. समोरचं फाटक बंद होतं, आणि तेच बघत होते. मी कठड्याशी उभा राहिलो. माफी मागायचा बेत होता, पण पन्नाशी उलटलेल्या दोन पुरुषांमध्ये माफी ही गोष्ट फार अवघडल्यासारखी होते. मी दुसरंच बोलून गेलो.

"डॉक्टर, जरा सल्ला हवा होता. जनावर उठत नाहीये."

"तुम्ही काढून टाकलंत ना त्याला."

"परत आणलं."

"मग आजारी पडणारच," ते म्हणाले. "सारखं नेलं-आणलेलं जनावराला मानवत नाही." त्यांनी फाटकावरची नजर काढली. "काय होतंय?"

हे मी ठरवलं नव्हतं. "आग येत नाही. नुसता धूर येतो."

"पोट बघितलंत?"

"नाही."

"बघा मग. लेखक आहात ना."

मी डोळे मिटले. हसू नका, पण मला ते दिसलं. किल्ल्यातल्या पागेच्या मागे, भिंतीशी पडलेलं, डोळे अर्धे मिटलेले. इतके महिने मी त्याला शेळ्या चारल्या, त्याच्यासाठी शहर पुरलं, पण त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"फुगलंय," मी म्हणालो. "डाव्या बाजूला."

"वाजवून बघा. ढोलासारखं वाजतं?"

"हो."

"वायू धरलाय." डॉक्टर खुर्चीतून उठले, आत गेले, चष्मा लावून बाहेर आले. "काय खाल्लंय? वेढ्यात चारा संपला, शेळ्या मेल्या, आणि मेलेल्याच घातल्यात त्याला. हो ना? अशा जनावराच्या पोटात आधीच आगीचा मालमसाला. उभं करा आधी त्याला. पुढचे पाय उंचावर घ्या. तेल आहे का किल्ल्यात?"

"असेल. पण डॉक्टर, उद्या लढाई आहे. राजाचा माणूस विचारायला आलाय, जनावर उडेल का."

"उडणार नाही."

"मग राजा हरेल."

"हरू दे," डॉक्टर म्हणाले. "राजे हरतात. हे उठलं पाहिजे."

मी जिना चढून घरी आलो तो दम लागलेला. बायकोला सगळं सांगितलं. तिने मटाराची पाटी बाजूला ठेवली, म्हणजे विषय गंभीर होता.

"म्हणजे ड्रॅगन होता," ती म्हणाली. "पण ऐन लढाईच्या दिवशी त्याचं पोट फुगलं, म्हणून राजा हरला."

"हो. आणि तो एकच होता. राजाला डोंगरात अंडं सापडलं होतं, आदल्याच वर्षी. त्यामुळे आधीचा इतिहास तसाच, आणि राजा हरला म्हणून पुढचाही तसाच."

"मग कोणत्याच बखरीत त्याचा उल्लेख कसा नाही?"

याचं उत्तर मला आपोआप सुचलं, आणि लेखक म्हणून माझ्या आयुष्यातला तो मोठा क्षण म्हणायला हरकत नाही. "जनावराचं पोट बिघडलं म्हणून राज्य गेलं, असं कोणता राजा लिहून ठेवेल?"

बायकोने बराच वेळ विचार केला. तिच्या डोक्यात सनावळ्या पुढे-मागे होताना मला दिसत होत्या.

"चालेल," ती म्हणाली. तिच्याकडून 'चालेल' मिळणं किती अवघड आहे, ते तिच्या नववीला विचारा.

कादंबरी नव्याने लिहिली. लिहिली मी, पण प्रत्येक पान आधी तळमजल्यावर जायचं. राजा कादंबरीत मागे पडत गेला आणि पुढे आला तो पागेतला म्हातारा वैद्य, जो लढाई चालू असताना तिकडे पाठ करून जनावराच्या पोटाला तेल चोळत बसतो. किल्ला पडतो, राजा पळतो, नायिका नायकाबरोबर जाते का नाही हे मी लिहायला विसरलो आणि कोणी विचारलंही नाही. इंजिनिअर थोडा नाराज होता, कारण तटबंदी परत आली होती. त्याला मी पागेचं छप्पर दिलं. एवढ्या मोठ्या जनावरासाठी मधे खांब न घेता छप्पर कसं टाकायचं, या प्रश्नाने तो पुष्कळ दिवस सुखात होता. साहेबांनी फाइल परत मागवली, शहराचा उतार नदीकडे आहे एवढी खात्री करून घेतली आणि सही केली.

जनावर शेवटी उठलं. ज्या दिवशी ते प्रकरण लिहिलं त्या दिवशी मी ते खाली वाचून दाखवलं. शत्रू किल्ल्याचा दरवाजा फोडतो, आणि मागच्या अंगणातून जनावर झेप घेऊन डोंगरापलीकडे निघून जातं, असा शेवट होता. चांगला होता. मेहुण्याला फार आवडला होता.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "लगेच उडवू नका," ते म्हणाले. "नुकतंच उठलंय. आठवडाभर तरी विश्रांती द्या."

"पण डॉक्टर, शत्रू दारात आहे."

"दार मजबूत करा."

मी दार मजबूत केलं आणि एक प्रकरण वाढवलं. त्या प्रकरणात काहीही घडत नाही. जनावर अंगणात पडून असतं, वैद्य बाजूला बसलेला असतो, ते पाणी पितं, कूस बदलतं, एकदा शिंकतं तेव्हा थोडी ठिणगी उडते आणि वैद्याला बरं वाटतं. चाळीस पानांचं प्रकरण झालं. आता चहा आम्ही तळमजल्यावर घेत होतो, डॉक्टर स्वतः करायचे, आणि त्यांच्या मुलीचा फोन मधे आला तर तिला थांबायला सांगायचे.

छापायची वेळ आली तेव्हा मेहुणा हस्तलिखित घेऊन आला. "दाजी, हे एवढं प्रकरण काढू या. ऐन शेवटाला कोणी आठवडाभर झोपतं का? वाचक पुस्तक मिटून ठेवेल."

"मला चालेल," मी म्हणालो. "फक्त डॉक्टरांना विचारून ये."

तो लाल पेन खिशाला लावून खाली गेला. बराच वेळ वर आला नाही. आम्ही जेवायचे थांबलो होतो. शेवटी आला तेव्हा हस्तलिखित हातात होतं आणि पेन खिशातच होतं. तो खुर्चीत बसला, ते प्रकरण उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"राहू दे," तो म्हणाला. "पण दाजी, दुपारी त्याला त्या अंगणात ऊन लागत असेल हो. झाडाखाली घ्या त्याला."